हेअर पॅच घरच्या घरी, एकट्याने काढून, धुऊन पुन्हा लावता येतो का?

तुम्ही विचारलंय की डोक्यावर पॅच, म्हणजे टक्कल झाकायला चिकटवलेला केसांचा तुकडा आहे, दर तीन आठवड्यांनी सलूनमध्ये सर्व्हिसिंगला जावं लागतं, त्यात अर्धा दिवस मोडतो. हे सगळं घरी, कोणाच्याही मदतीशिवाय जमेल का, की पॅचची वाट लागेल?

जमतं. मी गेली सात वर्षं स्वतःच करतोय आणि आता सगळं मिळून पावणेदोन तासांत आटपतं. पण पॅचची वाट लागते हेही खरं, कारण माझी पहिली खेप तशीच गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची मीटिंग होती आणि रात्री दहा वाजता मी आरशासमोर उभा. चिकटा सोडवणारा रिमूव्हर फवारला, जेमतेम मिनिटभर थांबलो, कपाळावरची कड नखाने उचलली आणि ओढली. ‘चर्र’ असा बारीक आवाज आला. इतका बारीक, की मला वाटलं पॅच चिकटवायची दुहेरी टेप सुटली. टेप जागच्या जागी होती, फाटली होती लेस, म्हणजे पॅचची खालची जाळी. बोटाच्या दोन पेरांएवढी चीर. सकाळी केस कपाळावर ओढून ती झाकली आणि दिवसभर पंख्याखालची खुर्ची टाळत फिरलो.

पॅच लावण्याचे व्हिडिओ मी तोवर डझनभर पाहिले होते, काढण्याचा एकही नाही. म्हणून या उत्तरातही सगळ्यात जास्त काढण्याबद्दल आणि साफ करण्याबद्दलच लिहिणार आहे. लावणं दोन-तीन वेळांत हाताला बसतं. पॅच जे अकाली मरतात, ते बहुतेक काढताना आणि धुताना मरतात.

पण त्याआधी आपला पॅच कशाचा आहे ते नीट माहीत पाहिजे. उलटा करून उजेडासमोर धरा. बारीक जाळी दिसली आणि एकेक केस त्या जाळीला गाठ मारून बांधलेला असला, तर तो लेस. काचेसारखा पारदर्शक पातळ पडदा असला, तर तो पॉली. सलूनवाले त्यालाच ‘स्किन’ म्हणतात. जाळी जाडसर, थोडी ताठ आणि कडेने पॉलीची पट्टी असली, तर मोनो. मोनो दणकट असतो, नीट वापरला तर वर्षाच्या आसपासही जातो. लेस साधारण तीन ते सहा महिने. पॉलीत जाडीवर सगळं अवलंबून, ०.०३ मिलिमीटरचा अतिपातळ पडदा महिना-दोन महिन्यांचा सोबती, त्याची धुण्याची फार काळजी करण्यातही अर्थ नसतो. शिकायचं असेल तर मोनोवर शिका, निदान कडेला पॉली असलेल्या पॅचवर तरी. पॉलीवरचा चिकटा पुसून निघतो. लेसमध्ये तो जाळीच्या भोकांत शिरून बसतो आणि तिथून काढताना नवशिक्या माणसाचा संयम संपतो.

आता काढणं. सुट्टीच्या आदल्या रात्रीला हे काम ठेवा, म्हणजे घाई नसते आणि टाळूलाही रात्रभर मोकळी हवा मिळते. रिमूव्हर दोन प्रकारचे वापरात आहेत: लिंबूवर्गीय सालींच्या तेलापासून केलेले, ज्यांना संत्र्यासारखा वास येतो, आणि अल्कोहोलवर आधारित. पहिला प्रकार सावकाश पण खोलवर काम करतो आणि मागे तेलकट थर ठेवतो. हा तेलकट थर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

शेपटीच्या कंगव्याने केस बाजूला करून कडेच्या रेषेवरच रिमूव्हर सोडा. कपाळाकडून डोळ्यांत ओघळू नये म्हणून भुवयांच्या वर दुमडलेला रुमाल बांधतो मी. दिसायला कुस्तीगीर, पण उपयोगी. मग थांबायचं. पाच मिनिटं, घड्याळ लावून. या पाच मिनिटांत हात लावायचा नाही. नंतर बोटाच्या मऊ भागाने कड हलकेच मागे लोटून बघा. सुटत असेल तर बोटाखाली ती साबणाच्या वडीसारखी निसटती लागते. जिथे निसटती लागत नाही तिथे आणखी दोन थेंब आणि आणखी दोन मिनिटं. कड बोटभर सुटली की सुटलेल्या भागाच्या आत, बेस (केस ज्यावर बसवलेत तो खालचा थर) आणि कातडी यांच्या मधल्या सांध्यात रिमूव्हर सोडा आणि पुढे सरका. पुढून मागे, अशी गुंडाळी करत जायचं. मला यालाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. एक खूण सांगतो: काढताना कधीही ओढ जाणवली, कातडी वर उचलली गेली, तर थांबा. तेवढ्या ओढीत लेसही जाते आणि कडेचे तुमचे स्वतःचे केसही मुळासकट येतात. आधीच जे थोडे उरलेत ते असे घालवायचे नाहीत.

पॅच हातात आला की त्याला आधी बाजूला ठेवा आणि आरशात टाळू बघा. लाल ठिपके, पुरळ, ओलसर जखम, काय आहे ते. याबद्दल खाली येतो.

मग बेसची सफाई. सपाट ताटलीवर कागदी रुमाल, त्यावर पॅच उलटा: केस खाली, बेस वर. ही दिशा महत्त्वाची आहे. केस वर ठेवून साफ केलं तर विरघळलेला गोंद केसांच्या मुळांत उतरतो, आणि एकदा तिथे बसला की केस चिकट, झुपकेदार दिसतात, कितीही धुवा. टेपवर रिमूव्हर शिंपडून दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडा. टेपचा कोपरा उचला, बेस दुसऱ्या हाताच्या बोटांनी ताटलीवर दाबून धरा आणि टेप जमिनीला समांतर, स्वतःवरच दुमडत सोला. सरळ वर उचलली की बेस तिच्याबरोबर ताणला जातो.

टेप निघाली तरी शेंबडासारखा चिकटा उरतोच. इथे लोक टूथब्रश घेऊन घासत सुटतात. घासू नका. लेसच्या प्रत्येक केसाची गाठ त्याच जाळीवर आहे. पुढच्या रेषेतल्या गाठी तर काळे ठिपके दिसू नयेत म्हणून अनेकदा ब्लीच केलेल्या, म्हणजे आधीच अशक्त. माझी युक्ती: सोललेल्या जुन्या टेपचा गोळा करायचा आणि त्यानेच उरलेला चिकटा टिपून टिपून उचलायचा. चिकटा चिकट्याला धरतो. बाकी जे राहील त्याला पुन्हा रिमूव्हर, पुन्हा थांबणं, आणि मग मऊ ब्रशने नुसतं थोपटणं. पॉलीवर हे सगळं फार सोपं. कापडाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं की झालं. पण अल्कोहोल संपलं म्हणून नेलपॉलिश रिमूव्हरला हात घालू नका. मी घातला होता. त्यात अॅसिटोन असतं. बघता बघता पॉलीची कड दुधावरच्या सायीसारखी सुरकुतली आणि परत कधी सरळ झाली नाही. आणि हो, ही दोन्ही रसायनं पेट घेणारी आहेत. खिडकी उघडी, गॅसची शेगडी लांब.

शेवटी शॅम्पू. कोमट पाणी, बिनसल्फेटचा शॅम्पू, पाण्याची धार मुळांकडून टोकांकडे. गोल गोल चोळायचं नाही, पिळायचं नाही. मघाचा तेलकट थर आठवतोय? बेस खालून दोनदा साबणाच्या पाण्यातून काढा आणि वाळल्यावर कोरड्या बोटाने तपासा. बोट घसरलं तर तेल आहे, पुन्हा धुवा. ‘महागाची टेप आणली तरी चार दिवसांत सुटते’ असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची टेप चांगलीच असते, बेसवर रिमूव्हर राहिलेला असतो. उरलेल्या निम्म्यांच्या टाळूवर.

कंडिशनर फक्त केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत. मुळाशी गेला की गाठी बुळबुळीत होऊन सैल पडतात आणि केस गळायला लागतात. सुरुवातीला मी डोक्यावरच्या केसांसारखा कंडिशनर सगळीकडे माखायचो. महिन्याभरात भांगाच्या जागी जाळी दिसायला लागली आणि मी कंपनीला दोष देत बसलो होतो. पण कंडिशनर टाळूनही चालत नाही. आपल्या केसांना टाळूतून तेल मिळत राहतं, पॅचच्या केसांना ते कुठून मिळणार? शिवाय अनेक पॅचच्या केसांना कारखान्यात सिलिकॉनचा मुलामा दिलेला असतो, तो काही धुण्यांत उतरतो आणि केस एकदम झाडूसारखे वाटायला लागतात. नवा असताना किती छान होता, असं सगळ्यांना वाटतं ते त्यामुळे. न धुता ठेवायचा हलका कंडिशनर एक दिवसाआड टोकांना लावला तर हे बरंच लांबतं. कृत्रिम केस असतील तर गरम ड्रायर आणि स्ट्रेटनर विसरा. पांढऱ्या केसांच्या पॅचमध्ये अनेकदा पांढरे तेवढे कृत्रिम असतात, हे तिथे लागू पडतं.

पॅच वाळतोय तोवर टाळू. झाकल्या जाणाऱ्या भागावर ट्रिमर बिनकंगव्याचा फिरवा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे तीन आठवड्यांत पॅचखाली चांगली खुंटं उभी राहतात आणि टेपला खालून उचलतात. पकड सुटण्याचं हे एक साधं कारण. ब्लेडने गुळगुळीत करण्याचा मोह टाळा, कातडी जराशी जरी कापली तरी तिथे गोंद भयंकर झोंबतो. मग डोकं शॅम्पूने स्वच्छ, रात्रभर मोकळं. सकाळी ७० टक्क्यांच्या अल्कोहोलने पुसून वाळवायचं, त्यावर स्काल्प प्रोटेक्टरचा पातळ हात. तो वाळला की कातडी आणि गोंद यांच्यात एक पापुद्रा तयार होतो. मी तो कधी चुकवत नाही. या टप्प्यानंतर टाळूला हात लावायचा नाही, हाताचं तेलही पुरेसं असतं.

टेप की गोंद हा वाद न संपणारा आहे. माझं मत: एकट्याने करणाऱ्याने बाकी सगळीकडे टेप आणि हवंच असेल तर फक्त कपाळाच्या रेषेवर गोंद. टेप चारही कडांना, कोपरे कात्रीने गोल करून, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. तुकडे एकमेकांवर चढवायचे नाहीत, तिथे टेंगूळ दिसतं. आणि मधे मधे बोटभर फट ठेवा, घामाला वाट हवी. लेस असेल तर पुढे न चमकणारी टेप घ्या. साधी टेप जाळीतून उन्हात लुकलुकते.

गोंदाचं सांगतो, कारण इथे डोळ्यांनी शिकता येतं. पाण्यावर आधारित पांढरा गोंद लावताना दुधासारखा दिसतो. पहिला थर इतका पातळ, की खालची कातडी दिसली पाहिजे. पाच मिनिटांत दूध विरतं आणि काचेसारखं पारदर्शक होतं. मग दुसरा थर, तसाच. मी तीन देतो, काही जण चार देतात. शेवटचा थर पारदर्शक झाला की बोटाच्या मागच्या बाजूने, पेराने हलकेच टेकवून बघा. पेर चिकटून ‘टक’ करून सुटलं आणि त्यावर काही आलं नाही, तर तयार. ओलं लागलं, दोरा निघाला, तर अजून थांबा. जाड एकच थर देऊन वेळ वाचवायला गेलात तर वरून वाळतो, आत दूधच राहतं, आणि पॅच दुपारपर्यंत सरकतो.

बसवण्याआधी जागा ठरवा. भुवया वर उचला. कपाळावरची सगळ्यात वरची आठी जिथे संपते त्याच्या किंचित वर रेषा. सगळ्यांना ती खाली घ्यावीशी वाटते, विशीतला चेहरा परत मिळेल म्हणून. घेऊ नका. खाली आलेली रेषा लांबूनही पॅच म्हणून ओळखू येते. मध्यावर आणि दोन्ही कोपऱ्यांवर भुवईच्या पेन्सिलीने ठिपके. पॅचचे केस मागे घेऊन क्लिपांनी बांधा, पुढची मधली कड ठिपक्यावर टेकवा, मग कोपरे, मग बेस न ताणता मागे सोडत जा. मागच्या बाजूला दुसरा आरसा लागतोच. भिंतीवरच्या आरशाकडे पाठ, हातात छोटा आरसा. दोन आरशांत बघताना गोंधळ होतो आणि पहिल्या दोन वेळा हात भलतीकडेच जातो. नुसती टेप असेल तर एक सोय आहे: टेपवर अल्कोहोलचा हलका फवारा मारला की काही सेकंद पॅच सरकवता येतो, अल्कोहोल उडालं की पकड येते. जागेवर आला की कंगव्याच्या पाठीने कडा दाबून घ्या. गोंद लावला असेल तर पुढचे चोवीस तास डोकं भिजवू नका, घाम गाळणारा व्यायामही नको.

रोजचं फार काही नाही. ओल्या केसांनी झोपू नका, सकाळी गुंता आणि गळती दोन्ही मिळतात. उशीला सॅटिनचा अभ्रा. विंचरताना टोकांपासून वर, आणि एका हाताने मुळाशी धरून. पोहून आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा. उन्हाने मानवी केस तांबूस पडतात, त्यासाठी टोपी.

घरी काय करत नाही तेही सांगतो. नवा पॅच आपल्या केसांत मिसळेल असा कापणं. ते सलूनमध्येच, कारण जास्त कापलं गेलं तर वाढणार नाही. गाठींचं ब्लीचिंगही नाही. घरी रंग एकदा दिला होता. आता त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

टाळूवरच्या लाल ठिपक्यांचं राहिलं. एकदोन बारीक पुटकुळ्या मोकळ्या हवेत दोन दिवसांत बसतात. पण गोंदाच्या बरोबर आकारात लाल पट्टा उठला, खाज थांबेना, पाणी यायला लागलं, तर ती बहुधा गोंदाची अॅलर्जी. अशा वेळी पॅच चढवायचा नाही, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं, आणि रिकाम्या बाटलीचा फोटो बरोबर न्यायचा. नवा गोंद आणला की आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दोन दिवस बघा. टाळूला मिनॉक्सिडिल (केस वाढण्यासाठीचं औषध) लावत असाल तर पकड टिकत नाही आणि गोंदाखाली औषध कोंडणंही बरं नाही. दोन्ही एकत्र चालवण्याआधी डॉक्टरांना विचारा. चिकटवण्याऐवजी क्लिपांनी बसवायचा पॅच असेल तर एमआरआयला जाताना तो आधी काढायचा, क्लिपा धातूच्या असतात. माझ्या लक्षात आलं ते मशीनच्या दारात.

तुम्ही सुरुवात करताना सलून लगेच सोडू नका. पुढच्या खेपेला घरी फक्त काढा आणि साफ करा, आणि लावायला सलूनमध्ये जा. दोनदा असं केलं की मग लावणंही स्वतःकडे घ्या. जमलं तर एक जास्तीचा पॅच हाताशी ठेवा, आलटून पालटून वापरला की धुतलेल्याला सावकाश वाळता येतं आणि मधेच काही फाटलं तर उघड्या डोक्याने ऑफिसला जावं लागत नाही. तुमचा पॅच लेसचा की पॉलीचा ते प्रश्नात लिहिलेलं नाही. लेस असेल आणि सलूनने सगळ्या बेसला गोंद लावला असेल, तर काढायला वीस मिनिटं धरू नका, पाऊण तास धरा.